एकदाच मोजलेली पाकिटं

ताईची ऑनलाइन मुलाखत शुक्रवारी अकराला होती आणि बुधवारी सकाळी आमचं इंटरनेट रांगायला लागलं.

पालीच्या अलीकडं आमची वाडी. तिथं मोबाईलला रेंज नाही. विजेच्या खांबांवरून आलेली वायर तेवढी आहे. कंपनी महिन्याला ठरावीक डेटा देते. तो संपला की एक तारखेपर्यंत वेग पार उतरतो. त्याच वायरीला माझा जुना लॅपटॉप जोडलेला होता आणि त्यावर रिले चालायचा. कोण कुठून काय वाचतं हे सरकारला किंवा कंपन्यांना कळू नये, म्हणून जगभरची माणसं स्वखुशीनं असे रिले चालवतात. वाचणाऱ्याच्या डेटाची पाकिटं तीन ठिकाणांहून फिरून जातात. माझं ठिकाण मधलं. पाकीट कुलूपबंद येतं, कुलूपबंद जातं.

मला ते ओळखीचंच वाटलं होतं. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, धरणग्रस्तांची पत्रकं वाटली. मी अक्षरं शिकलो ती त्यांवरच. वेल्ह्याच्या बाजारात मीही पत्रकं लोकांच्या हातात कोंबायचो. घेणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, हा नियम होता. माणसानं काय वाचलं याची चौकशी करणारा चूक, मग तो कुणीही असो. हे मी आजही मानतो.

रिलेला मी मर्यादा घातली होती: निम्मा डेटा रिलेला, निम्मा घराला. मग सगळा संपला कसा? आधी वाटलं, कुणीतरी लॅपटॉपमध्ये घुसलंय. मग वाटलं, कंपनीनं तक्रार केली असणार. दारात टेम्पो थांबला तरी मी उठून खिडकीतून बघायचो.

दुपारी चूक सापडली. बाजारात शंभर पत्रकं घेऊन शंभर वाटली, की आम्ही शंभरच मोजायचो. पाकिटंही मी तशीच, एकदाच मोजली. पण मी घातलेली मर्यादा एका दिशेची होती, आणि कंपनी येणारं मोजते तसं जाणारंही मोजते. मी घराचाही वाटा वाटून टाकला होता.

रिले लगेच बंद केला. वेग परत आला नाही. एक तारीख मंगळवारी होती.

संध्याकाळी ताईला सांगितलं. दीड वर्ष ती अर्ज करत होती. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेची ही तिची पहिलीच मुलाखत.

"कुणाची पाकिटं व्हती?"

"म्हाईत न्हाई."

"ज्यांचं नाव म्हाईत न्हाई त्यांना समदं दिलंस. मी तर तुज्या वळखीची हाय, म्हून मला काय न्हाई व्हय?"

"ताई, तत्त्व हाय ते."

"तत्त्व लई झ्याक. पर वायर घराची हाय. इचारलं व्हतंस मला?"

आण्णा अंगणात विळ्याला धार लावत होते. ते माझी बाजू घेतील असं वाटलं. मान वर न करता ते म्हणाले, "पत्रकांचे गठ्ठे घरात ठेवायच्या आदी म्या तुज्या आईला इचारलं व्हतं. ती न्हाई म्हनली. मग देवळात ठेवले."

मी म्हणालो, "भोरला मैत्रिनीकडनं दे की मुलाखत."

"अन् येष्टीतच आकरा वाजले मंजे? हितनंच देते."

शुक्रवारी घरातले वायफायला जोडलेले सगळे मोबाईल मी स्वतः बंद केले आणि दाराबाहेर बसलो. "आवाज येतोय का, सर?" हे वाक्य आतून मला चार वेळा ऐकू आलं. मग तिनं कॅमेरा बंद केला. मधेच ती गप्प व्हायची, आणि ती विचार करतेय की समोरचा आवाज तुटलाय, ते मला कळायचं नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दोन प्रश्न ऐकूच आले न्हाईत. तिसऱ्यांदा इचारायची लाज वाटली."

सोमवारी नकार आला. तो वायरीमुळं आला की उत्तरांमुळं, ते कळायला मार्ग नाही.

मंगळवारी वेग परत आला. रिले अजून बंद आहे. चालू करायचा तर ताईला विचारावं लागेल. रोज सकाळी मी शब्द जुळवतो. ती चहा घेऊन समोर बसते, आणि मी म्हशीच्या दुधाबद्दल काहीतरी बोलतो.