झरीतला बिनपत्तीचा चहा

आधीच सांगून टाकतो - भूत, चकवा, अंगात येणं असल्या प्रकारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. हे ऐकून मित्र हसतात, कारण मी दोन वर्षं मॉर्मन मिशनरी होतो. म्हणजे देव चालतो आणि भूत चालत नाही होय, असं विचारतात. हो, नाही चालत. त्यामुळे झरीला जे झालं ते कुठल्या खात्यात टाकायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची मला चीड येते.

थोडी पार्श्वभूमी देतो. आम्ही पिंपरीचे. कॉलेजातल्या एका मित्रामुळे मी एकोणिसाव्या वर्षी मॉर्मन झालो. ख्रिश्चनांमधलाच एक पंथ, पण नियम कडक. दारू नाही, तंबाखू नाही आणि चहा-कॉफीसुद्धा नाही. बाबांनी दोन दिवस आदळआपट केली आणि गप्प बसले. आई मात्र अडून बसली ती चहावर. देव बदलला ते एक वेळ ती सहन करत होती. "माझ्या हातचा चहा नको झाला तुला?" एवढंच म्हणाली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

चार दिवसांनी तिने एक कप माझ्यासमोर आदळला. कुंडीतला गवती चहा, आलं, गूळ आणि चिमूटभर मीठ. चहा पावडर अजिबात नाही. मीठ का, विचारलं तर उत्तर नाही. त्यानंतर रोज चार वाजता तो कप यायचा, शब्द मात्र एकही नाही. २०१५ मध्ये मी मिशनवर, म्हणजे दोन वर्षांच्या धर्मप्रचाराला निघालो तेव्हा ती स्टेशनवर आली नाही.

मिशनवर घरी फोन वर्षातून दोनदाच - एक ख्रिसमसला, एक मदर्स डेला. बाकी दर सोमवारी ईमेल. दर वेळी फोनवर बाबाच आले. मदर्स डेला ज्याची आई फोनवर येत नाही त्याने त्या दिवशी काय करायचं, याचा नियम आमच्या पुस्तकात नव्हता.

२०१६ च्या हिवाळ्यात मला डहाणूला टाकलं. स्टेशनजवळ चिकूच्या गोडाऊनमागे भाड्याची खोली. सोबतीला एल्डर प्रसाद. आमच्यात प्रत्येक जण 'एल्डर', पुढे आडनाव, छातीवर तसाच बिल्ला. मी एल्डर जाधव. हा प्रसाद राजमुंद्रीचा, मराठीचा गंध नाही, आणि नियमांच्या बाबतीत हेडमास्तर. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग अभ्यास, मग पांढरा शर्ट आणि टाय. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. समुद्र पंधरा मिनिटांवर, पण पाण्यात उतरायला बंदी. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका आम्हाला बँकेची वसुलीवाली माणसं समजायच्या आणि पोरांना आत बोलवायच्या. प्रत्येक घरात चहा पुढे यायचा आणि आम्ही नको म्हणायचो. माणसांचे चेहरे पडायचे. तिथून पुढे देवाबद्दल काय बोलणार, कपाळ!

झरी गावच्या रमणने मुंबईत आमच्या चर्चमधल्या कुणाकडे तरी आपलं नाव देऊन ठेवलं होतं - मला भेटायला या म्हणून. तो वापीला कंपनीत शिफ्टमध्ये होता. डहाणूहून एसटीने तलासरी, तिथून शेअर रिक्षाने झरी, मग पाड्यापर्यंत पायपीट. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा दाराला कडी. चौथ्यांदा मी प्रसादला सरळ म्हटलं, आपल्याला याच्या दाराच्या कडीला बाप्तिस्मा द्यायला बोलावलंय. तो हसला नाही.

त्या चौथ्या वेळी दार उघडं होतं. रमणची आई जमनामावशी ओट्यावर बसली होती. साठीच्या आसपासची, सडपातळ बाई. आम्ही तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं, तिनेही आम्हाला नाही. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तोवर ती उठून आत गेली आणि दोन कप घेऊन आली. मी सवयीने हात जोडले - मावशी, आम्ही चहा घेत नाही.

"माहीत हाय," ती म्हणाली. "पत्ती नाय टाकली. पी."

वासावरूनच कळलं. गवती चहा, आलं, गूळ. प्रसाद कपाकडे विंचू असल्यासारखा बघत होता. मी घोट घेतला आणि जिभेवर मीठ आलं. चिमूटभर.

हे तुम्हाला कोणी सांगितलं, मी विचारलं.

"तुझ्या आईने. काल दुपारी आली होती. बोलली, उद्या माझा दगडू येल, त्याला पत्तीचा नको देऊ."

इथे थांबून सांगतो. माझं कागदावरचं नाव वेगळं आहे. माझ्याआधीचं भावंड वाचलं नाही, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी आई मला घरात दगडू म्हणायची. मोठं झाल्यावर मला त्याची लाज वाटायची. कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं, चर्चमध्ये नव्हतं, प्रसादला तर माझं पहिलं नावसुद्धा माहीत नव्हतं. तेव्हा कृपा करून कमेंटमध्ये 'रमणने सांगितलं असेल' असं लिहू नका. चहाचा नियम रमणला माहीत असेलही. दगडू आणि मीठ कुठून माहीत होणार?

मी मावशीची उलटतपासणीच सुरू केली. कशी होती? बाईसारखी बाई. साडी कुठली? साडीसारखी साडी. उंच की बुटकी? कुठून आली, कशाने गेली? रस्त्याने आली, पाणी प्यायली, जांभळीखाली बसली, रस्त्याने गेली. मी पुन्हा तेच विचारल्यावर मावशीच वैतागली. मी काय तिचा फोटो काढून ठेवला का, म्हणाली.

तलासरीच्या स्टँडवर मी मिशनच्या फोनवरून घरी फोन लावला. प्रसाद नियमाचं कलम ऐकवत होता, मी पाठ फिरवली. बाबा म्हणाले, आईचा गुडघा सुजलाय, दहा दिवस जिना उतरलेली नाही, काल दिवसभर घरातच होती. मी म्हटलं, तिला द्या फोन. मग बाबाच परत आले. "नको म्हणते रे."

त्या क्षणी मला भीती वगैरे वाटली नाही, राग आला. झरीला येऊन परक्या बाईला माझ्या चहाचं सांगून जाता येतं, आणि दोन पावलांवरच्या फोनवर येता येत नाही?

प्रसादने अर्थातच वर कळवलं. वरिष्ठांचा फोन आला. आधी नियम मोडल्याबद्दल झापलं, मग मी सगळं सांगितल्यावर आवाजच बदलला. हा देवदूत होता म्हणाले, रविवारी सभेत साक्ष दे. मी नाही म्हटलं. पुढच्या खेपेला झरीला गेलो तर शेजारच्या माणसाने सांगितलं की ही देवी असणार, भगताला विचार. म्हणजे उत्तर सगळ्यांच्या खिशात तयार होतं. माझी आई माझ्याशी बोलत का नाही, याचं उत्तर मात्र कोणाकडे नव्हतं. ती बाई परत कधी आली नाही. दोन आठवड्यांत माझी बदली झाली. रमण शेवटपर्यंत भेटला नाही तो नाहीच.

२०१७ मध्ये घरी परतलो. आईने दार उघडलं, बॅग माझ्या हातातून घेतली आणि केवढा वाळलास म्हणाली. इतक्या दिवसांच्या अबोल्याबद्दल चकार शब्द नाही. संध्याकाळी चार वाजता कप आला. महिन्याभराने मी तिला झरीचं सगळं सांगितलं. वेडा झालास का, म्हणाली. पण त्यानंतर दर थोड्या दिवसांनी, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, ती विचारायची - ती बाई काय म्हणाली, परत सांग. मी परत सांगायचो. माझी परीक्षा घेतेय असं वाटून कधी कधी चिडायचोही.

२०१९ मध्ये एक दिवस म्हणाली, मला तिथे ने.

तो गुडघा घेऊन ती डहाणूपर्यंत ट्रेनने, मग एसटीने, मग रिक्षाने आली. पिशवीत कुंडीतल्या गवती चहाची जुडी. पाड्याच्या वाटेवर तीनदा टेकली, पण परत फिरू म्हटलं तर ऐकेना. मावशी ओट्यावरच होती. मला बघून लगेच "दगडू" म्हणाली. मी म्हटलं, मावशी, ही माझी आई. तेव्हा हीच आली होती ना?

आईने पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली.

मावशीने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "नाय," ती म्हणाली. "ही नाय."

"नीट बघा," आई म्हणाली.

"बघते ना, बाय. ती दुसरी होती."

आईने जुडी तिच्या हातात दिली आणि जांभळीखाली जाऊन बसली. मावशीने त्याच जुडीचा चहा केला, मीठ घालून. दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या. त्या बाईचा विषय परत कोणी काढला नाही.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती. चारोटी नाका मागे पडल्यावर बोलली. "तू नव्हतास तेव्हा रोज चार वाजता तुझा कप करायचे. तोंडाने बोलायला जमत नव्हतं रे मला. कप समोर ठेवून मनाने यायचे तुझ्याकडे, जिथे असशील तिथे. तू झरीचं सांगितलंस तेव्हा वाटलं, एकदा तरी पोचले असेन."

मी नुसता तिचा हात धरून बसलो.

आता मी रविवारी कधी चर्चला जातो, कधी नाही. पत्तीचा चहा अजून पीत नाही. श्रद्धा म्हणून की सवय म्हणून, विचारू नका. मी आईला अजून सांगतो की तूच होतीस, मावशीची नजर अधू झाली असेल. ती ऐकत नाही. कप पुढे ठेवते आणि विचारते, "मग माझ्याऐवजी गेलं कोण होतं?"

तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. फक्त देवदूत आणि देवी सोडून. ती दोन्ही आईला सांगून झाली. ती म्हणते, त्यांना मिठाचं कसं कळणार.