निवटी काय खाते

आमच्या भाऊजींइतका समुद्राचा ध्यास घेतलेला माणूस कोकणातही सापडायचा नाही. आणि भाऊजी राहायचे पांढुर्ण्याला, जिथून समुद्र पाहायचा तर दोन वेळच्या पोळ्या बांधून निघावं लागतं. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर. मी मराठी शिकवायचो, ते जीवशास्त्र. समुद्रातले मासे काय खातात आणि कसे खातात, या प्रश्नानं त्यांना पछाडलं होतं. पुस्तकात त्यावर एक धडा होता आणि तो त्यांनी कधीच शिकवला नव्हता. हेडमास्तर रागावले की यांचं उत्तर ठरलेलं, "मी डोयानं पाह्यलं नाई, तं लेकराइले कसं सांगू?" हट्टी माणूस, पण हट्ट इतका प्रामाणिक की त्यांच्याशी धड भांडताही येत नसे.

बाजाराच्या दिवशी ताईनं सुके बोंबील भिजत घातले, की हे ब्लेड घेऊन हजर. एकेकाचं पोट चिरून पाहिल्याशिवाय एकही बोंबील चुलीवर चढत नसे. एकदा बोंबलाच्या पोटात बोंबलाचंच पिल्लू निघालं, तर ते तळहातावर घेऊन भाऊजी पार सावरगावपर्यंत लोकांना दाखवत गेले. ताई म्हणाली, "बोंबलानं बोंबील खाल्ला, समजलं. आता आमी काय खावं, थे सांगा." सौंसरला आमच्या घरी जावई म्हणून आले, तेव्हा आईनं मुद्दाम नागपूरहून बर्फातले बांगडे मागवले होते. जावयांनी पोटातला हिरवट लगदा ओल्या फडक्यात बांधला आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळेल त्या बसनं परत! आई वाढलेलं ताट घेऊन दारात उभी. मला तेव्हा असा राग आला होता की विचारू नका. पण मेलेल्या माशाचं पोट त्यांना पुरेना. जिवंत मासा खाताना पाहायचा, वर्गाला दाखवायचा आणि मगच धडा शिकवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या वर्षी सहा डिसेंबरला आम्ही तिघं दादरला चैत्यभूमीवर गेलो. रांगेतून पुढे जाऊन माथा टेकला, भाऊजी लहान मुलासारखे रडले, आणि डोळे पुसता पुसता त्यांची नजर मागच्या समुद्रावर गेली. दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात त्यांनी एका कोळणीकडून जिवंत निवटी घेतली. खाडीच्या चिखलातला हा डोक्यावर डोळे असलेला मासा पाण्याबाहेरही बराच तग धरतो. पत्र्याच्या डब्यात खाडीचा चिखल भरून दे म्हणाल्यावर ती कोळीण पोट धरून हसली, पण दिला बिचारीनं.

गाडीत निवटीची जी सरबराई झाली, ती आमच्या लग्नांतही कुणाची झाली नसेल. पोळीचा चुरा झाला, चिवड्यातले पोहे झाले, गाडीतल्या पोरांकडून मुंग्या धरून घेतल्या. पण निवटी तोंड उघडेल तर शपथ. पांढुर्णा आलं. मी आणि ताई सामान घेऊन उतरलो. भाऊजी आपले डब्यावर ओणवे.

"अवो, उतरा ना! गाडी सुटून राह्यली!" ताई फलाटावरून खिडकीत तोंड घालून ओरडली.

"थांब वो! थे खाऊन राह्यली!"

गाडी सुटली. संध्याकाळी पुढच्या स्टेशनावरून, तिगावहून, कुणाच्या तरी बैलगाडीतून, मांडीवर डबा घेऊन, भाऊजी घरी आले. चेहरा असा उजळलेला की ताई रागवायचं विसरली. "चिखलच खाते!" ते म्हणाले. "वरची साय खाते चिखलाची, मान हालवून हालवून. उद्या लेकराइले दाखवतो."

पण आमच्याकडची डिसेंबरची थंडी खाडीच्या जिवाला सोसणारी नव्हती. सकाळी निवटी निपचित पडली होती. धडा यंदाही राहिला, असं मी धरून चाललो. भाऊजींनी मात्र डबा उचलला आणि सरळ वर्ग गाठला. मीही मागोमाग गेलो. त्यांनी टेबलावर चिखल पसरला. "निवटी मेली. पन मी पाह्यलं हाय," म्हणाले, आणि टेबलावर हनुवटी टेकून, डोळे वर काढून, उजवी-डावीकडे मान फिरवत चिखलावरून पुढे सरकू लागले. मिशा बरबटल्या. वर्ग खदखदून हसला. "हासा, पन पाहा!" म्हणून त्यांनी पुन्हा केलं. मागच्या बाकावरची पोरं उभी राहून बघेपर्यंत ते करत राहिले. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

भाऊजी आता नाहीत. मागे ताईला घेऊन भाचीकडे मुंबईला गेलो होतो. खाडीकाठी ओहोटी लागलेली, आणि ओल्या चिखलावर निवट्या माना हलवत चरत होत्या, हुबेहूब भाऊजींसारख्या. भाची घाई करत होती, मीही ताईला चल म्हणालो. ती हलेना. चिखलाकडे बघतच म्हणाली,

"खाऊ दे रे त्याइले. आता कोनती गाडी सुटून राह्यली?"