भूगोलाची तुकडी

मला अकरावीला बसवलं ते आमच्या भूगोलाच्या सरांनी. दहावीनंतर माझं शिक्षण संपल्यातच जमा होतं. पुढे जे झालं ते झालं, पण हे आधी सांगायला हवं.

वर्गात आले की सर बोट जिभेला लावून खिडकीबाहेर धरायचे. "सांगा, हवा कोनीकून येऊन राहिली?" उत्तर चुकलं तरी म्हणायचे, "जमते, जमते."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, उन्हाळ्यात मोटारसायकलवर गावोगाव फिरून कॉलेजसाठी पोरं गोळा करणारी. पोरं भरली नाहीत तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद तर सरांची नोकरी टांगणीला. भातकुलीकडच्या आमच्या गावात ते भर उन्हात आले, तेव्हा बाबा म्हणाले, "पोरीले अमरावतीले एकटी कशी ठेवू?"

"मी आहो ना भाऊ. बारावीपर्यंत हिची जिम्मेदारी माही."

वसतिगृहात जागाही त्यांनीच मिळवून दिली. नकाशातल्या समोच्च रेषा मला काही केल्या कळेनात. तर सरांनी अर्धा बटाटा ताटात पालथा ठेवला, थोडं थोडं पाणी ओतलं आणि दर वेळी पाण्याच्या काठाने पेनाची रेघ मारायला लावली. वरून पाहिलं, तर डोंगराचा नकाशा!

"समजला का चिखलदरा?"

"समजला सर. आता त्याची भाजी करू का?"

सगळ्यांत जास्त तेच हसले.

अकरावीत मी भूगोलात पहिली आले. सुट्टी संपवून कॉलेजात गेले, तर शिपाईकाका म्हणाले, "सर तं अकोल्याले गेले. मोठं कॉलेज हाय. दिवाळीपासूनच चालू होतं त्याइचं. तुले नाही सांगतलं?"

दिवाळीपासून. म्हणजे आम्हाला हसवत होते, तेव्हाही त्यांना माहीत होतं.

सर गेले आणि भूगोल बंद झाला. मी फोन लावला.

"अवं, तू इतिहास घे ना."

"अन बाबाले काय सांगू सर? तुमच्या भरवशावर धाडलं त्याइनं."

"रविवारी येतो मी गावाले. समजावून सांगतो भाऊले."

रविवारी मायनं पोहे केले. सर आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. फोनही उचलेनात. बाबा माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जिम्मेदारी घेनाराच गेला. आता कोनाच्या भरवशावर ठेवू तुले?" आणि वसतिगृहातून माझी पेटी घरी आणली.

आता मी पुण्याजवळ ताईकडे राहते, एका कारखान्यात पॅकिंगला जाते. उद्या काम असेल की नाही, ही धाकधूक रोजची. ताई सरांना शिव्या घालते. माझ्याच्यानं होत नाही. खोक्यांवर लांबलांबच्या गावांची नावं असतात, आणि ती नकाशात कुठे आहेत हे मला लगेच दिसतं. हे त्यांचंच देणं.

बारावी मी बाहेरून करणार आहे, भूगोल घेऊनच. पास झाले की अकोल्याला जाईन. त्यांचे उपकार फेडीनच मी. आधी पेढे हातावर ठेवीन, वाकून नमस्कार करीन. आणि मग त्यांच्यासमोर बसून राहीन, त्या रविवारी का नाही आलात, हे ते सांगेपर्यंत.