जयवंतच्या नावाचा गोल

वाकोल्यातल्या आमच्या क्रीडामंडळाच्या भिंतीवर विजेत्यांचा फलक आहे. १९८३ च्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात गोल मारणारा म्हणून त्यावर नाव आहे जयवंत परबचं.

गोल मारला त्याच्या बहिणीने, प्रेमा परबने. जयवंत काविळीने अंथरुणाला खिळलेला, यादीत नाव त्याचं आणि ऐनवेळी एक खेळाडू कमी. चौदा वर्षांच्या प्रेमाचे केस टायफॉइडनंतर बारीक कापलेले. गल्लीत पोरांबरोबर रोज खेळायचीच. भावाची जर्सी चढवून तिला उतरवली. कप घरी आला आणि आई म्हणाली, "झालं ना? आता केस वाढव."

पुढे लग्न, दोन मुली, पोळीभाजीचं दुकान. पन्नाशीनंतर ती पुन्हा मैदानात आली, वस्तीतल्या पंधरा मुलींना शिकवायला. त्या विचारायच्या, "मावशी, तुम्ही खेळायचात, तर फलकावर नाव कुठाय?"

यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली. फलक रंगवायला काढला तेव्हा ती सेक्रेटरी देवेशकडे गेली.

"आता तरी माझं नाव घाल रे."

"मावशी, घरातलंच नाव आहे ना? आणि मुलगी खेळली म्हटलं तर कप परत मागतील."

"बेचाळीस वर्षांनी? तो गंजका कप?"

"बघतो."

बघितलं ते असं. समारंभात जयवंतला शाल घातली आणि माइकवर पुकारा झाला, "औक्षण करतील त्यांच्या भगिनी." तबक प्रेमाच्या हातात. तिच्याच गोलासाठी तिने भावाला ओवाळायचं!

ती त्याच्यासमोर उभी राहिली. "दादा, कुठल्या पायाने मारलास रे गोल?"

माइक चालूच होता. जयवंत कसनुसा हसला. "उजव्या."

"डाव्या!" त्या संघाचा गोलकीपर बळवंत पुढच्या रांगेतून ओरडला. लोक हसले. नुसते हसले. तबक भावाच्या मांडीवर ठेवून प्रेमा खाली उतरली.

मग मंडळाने मन मोठं केलं. जयवंतच्या नावाखाली बारीक अक्षरांत ओळ आली: 'भगिनी प्रेमा यांच्या सहकार्याने'.

सकाळी सरावाआधी मुलींच्या देखत प्रेमाने काळ्या रंगात ब्रश बुडवला. जयवंत खोडलं. 'भगिनी' खोडलं. 'यांच्या सहकार्याने' खोडलं. उरलं ते तिचं.

मालमत्तेची नासधूस केली म्हणून मंडळाची नोटीस तिला त्याच संध्याकाळी मिळाली. बेचाळीस वर्षं खोटं नाव मिरवलं, त्याची नोटीस कुणालाच आली नाही.