वाखाणलेला नम्रपणा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना तर नाहीच — त्यांनी माझ्या नम्रपणावर दोनदा उपदेश केला, त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

आधी एवढं सांगू द्या. छावणीतल्या आमच्या मंडळीचा कारभार बघणारे 'वडील', म्हणजे एल्डर, आजोबांच्या काळापासून आमच्याच घरातले. शास्त्रपाठ मी वाचायचो, माईक लागायचा नाही. अजूनही लागत नाही. त्याचा मला अभिमान आहे. कशाला लपवू?

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. वडिलांच्या निवडीसाठी मतांच्या चिठ्ठ्या टाकल्या — आणि मी पडलो. माझ्या जागी विलास आला. कन्नड तालुक्यातला माणूस, विहीर आटली तसा शहरात आलेला, चिकलठाण्याला कारखान्यात फिटर.

पहिली टाळी मी वाजवली. त्याला मिठी मारली. तो कानाशी म्हणाला, "सर, मला यातलं काय बी कळत नाय. तुम्ही सांगताल तसं करीन."

पुढच्या रविवारपासून मी सतरंज्या अंथरू लागलो. दाराशी चपला ओळीनं लावू लागलो — आणि कुणी बघतंय का, तेही बघू लागलो. बाया म्हणायच्या, "नाकारलं तरी माणूस कसा वाकलाय बघा." वाकलो होतो? कंबरेतून, हो.

मग हंगामाचा सण आला, पिकासाठी देवाचे आभार मानायचा. उपासनेनंतर सगळ्या मंडळीचं जेवण असतं. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, आणि चहूकडं उठलेल्या नव्या सोसायट्या टँकर पळवायच्या. विलासनं टँकर सांगून ठेवला होता. पण टँकरवाल्याकडं मंडळीचा म्हणून नंबर होता तो माझाच, आधीच्या वर्षांचा. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला, "सर, उद्या जमणार नाय. आज घ्या, नाहीतर दुसरा बघा."

मी "बरं" म्हणालो. विलासचं घर चार गल्ल्यांवर. मी गेलो नाही. विसरलो म्हणावं तर — नाही. विसरलो नव्हतो. दिवसभर आठवत होतं.

रविवारी तांदूळ निवडलेले, पातेली कोरडी. तीनशे माणसं, लेकरं उन्हात रडायला लागलेली. एक म्हातारा ओरडला, "फिटर ना रे तू? मग एक नळ तरी बसवायचा व्हता!" लोक हसले. कुणी म्हणालं, गावाकडच्याला कारभार दिला की असंच होणार. विलास टँकरच्या वाटेकडं बघत उभा. त्याची बायको शांता पातेल्यांपाशी, मान खाली.

तेव्हा मी उठलो. म्हणालो, "त्याला बोलू नका. चूक माझी आहे."

फोनचं बोललो नाही. एवढंच वाक्य, आणि आवाज असा लावला की कुणाचा त्यावर विश्वास बसू नये. बसला नाही. पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला, "बघा, याला म्हणतात ख्रिस्ती स्वभाव!" मी नजर खाली वळवली. खरंच बोललो होतो ना मी? अक्षरन् अक्षर खरं. त्याहून मोठं खोटं मी जन्मात बोललेलो नाही.

त्याच आठवड्यात विलासनं राजीनामा दिला. "ही जागा तुमचीच व्हती, सर," म्हणाला. मी दोनदा नाही म्हटलं — दोनदाच. तेव्हापासून वडील मीच आहे. तो शेवटच्या बाकावर बसायचा. मंडळीत कुठलंही काम त्यानं पुन्हा अंगावर घेतलं नाही, आणि मीही कधी दिलं नाही.

गेल्या वर्षी विलास वारला. शांता घरी आली. "सर, तेव्हा भर मंडळीत तुम्ही एकटेच यांच्या बाजूनं उभे राहिलात. अंत्यविधीला चार शब्द तुम्हीच बोला."

मी बोललो. चांगलं बोललो. ती पहिल्या बाकावर हात जोडून ऐकत होती.