ऐंशी दिव्यांचा हिशोब

एमसीबी तिसऱ्यांदा पडला तेव्हा भाऊरावांनी हात जोडले. मला नाही, भिंतीवरच्या बोर्डाला.

"आजच्या दिवस तरी टिक ना बापा!"

आजचा दिवस म्हणजे मंडईचा. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे गावजत्राच. घरोघर पाहुणे येतात, आणि त्या गर्दीतच सोयरिकी जुळतात. भाऊरावांच्या प्रियंकाला बघायला दिवेलागणीला पाहुणे येणार होते. अंगणात मांडव घातला होता, मांडवाला चाळीस एलईडी बल्ब. पण पेटवले की दहा मिनिटांत सगळं घर गुडूप.

मी वायरमन. बाई असून वायरमन. लायसन्सवर तसंच लिहिलंय. चोरखमाऱ्याच्या आजूबाजूच्या गावांत माझी स्कूटी शिरली की लोक विचारतात, "कोनाची लाइन गेली वो?"

मग माझ्याकडे वळून भाऊरावांनी तोंड सोडलं. "तुमीच सांगतलं ना वो मॅडम फोनवर, ऐंशी दिवे चालते म्हणून? मंग काऊन पडून राहिला हा?"

सांगितलं होतं खरं. हिशोब सोपा आहे. घरातल्या दिव्या-पंख्यांची वायर बारीक असते. तिच्यावर सहा अँपिअरचा एमसीबी असतो, म्हणजे वायर तापायच्या आत लाइन तोडणारा खटका. सहा अँपिअर गुणिले दोनशे तीस व्होल्ट, झाले चौदाशे वॅटच्या आसपास. पण दोरी तुटेपर्यंत ताणायची नसते. आम्ही लायटिंगच्या एका सर्किटवर आठशे वॅटच धरतो. एक एलईडी नऊ वॅटचा. टीव्हीपुरती जागा सोडली तर ऐंशी एलईडी आरामात चालतात.

"तुम्ही लावले किती?" मी विचारलं.

"मांडवाले चाळीस, अंदर आठ. अठ्ठेचाळीस. मी मास्तर नाही, पण एवढा हिसाब येते मले!"

"अंदर आठ कायचे?"

ते मला मागच्या पडवीत घेऊन गेले, आणि मी कपाळावर हात मारला. पत्र्याचं गोल कुंपण, त्यात कोंबडीची आठवडाभराची पिल्लं, आणि वर टांगलेले आठ जुने पिवळे बल्ब. एकेक दोनशे वॅटचा. प्रियंका तिथंच उकिडवी बसली होती, नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून.

मला इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं. "अहो भाऊ, हा एक बल्ब म्हणजे तुमच्या मांडवातले बावीस! हे आठ म्हणजे पावणेदोनशे झाले की हो! वायर दिवे मोजत नाही, वॅट मोजते."

भाऊरावांचा चेहरा पडला. मग ते पोरीकडे वळले. "हे बंद कर. पाहुणे जाईपर्यंत."

"बाबा, पाहुणे अंधारात बसले तर मरत नाही. पिल्लं मरते."

तिचं खरं होतं. एवढ्या लहान पिल्लांना पिसं नसतात. थंडी वाजली की ती एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. आणि हा तिचा पहिलाच लॉट होता, तिनं स्वतः उभा केलेला. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"मंग मोठा एमसीबी टाका ना मॅडम. बत्तीसचा!" भाऊराव म्हणाले.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "चौकीदार ओरडून राहिला म्हणून बहिरा चौकीदार ठेवता का? वायर तर तीच बारीक राहील. भिंतीच्या आत जळेल, मग करा रोषणाई!"

बिचारे पाहुण्यांची वाट बघायला अंगणात गेले.

परसात बोअरच्या मोटरची वेगळी लाइन होती. जाड वायर, सोळा अँपिअर. मोटर बंद ठेवली तर आठ बल्ब तिला जड नव्हते. मी मेन स्विच पाडला आणि कामाला लागले. प्रियंकानं ऊब टिकावी म्हणून कुंपणावर गोणपाटाच्या बोऱ्या टाकल्या.

आणि नेमके तेव्हाच पाहुणे आले. अंधारात नुसतं "जयभीम, जयभीम" ऐकू येत होतं. भाऊराव म्हणत होते, "या, या, लाइन येऊनच राहिली!" माणूस रडकुंडीला आला होता.

एक बाई अंगणात न थांबता सरळ मागे आल्या. मुलाची आई. "पिल्लं कोनाची?"

"माझी," प्रियंका म्हणाली. ना पदर सावरला, ना उठून उभी राहिली. दोन्ही हातांनी बोऱ्या धरून होती.

"एका बाजूनं हवा सोड पोरी," असं म्हणत बाईंनी माझ्या हातातला टॉर्च घेतला. "तू कर वो तुझं काम. मी धरते."

जोडणी झाली. मी आधी आठ बल्ब पेटवले, मग मांडव. पिल्लं एकमेकांवरून उतरली, पसरली, चिवचिवायला लागली. भाऊराव बोर्डासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. दहा मिनिटं गेली, वीस गेली. एमसीबी जागचा हलला नाही. तेव्हा कुठं त्यांनी मला चहा विचारला.

एवढ्या रोषणाईच्या मांडवात शेवटी कोणी बसलंच नाही. सगळे उबेला पडवीत. पोह्याच्या प्लेटा तिथंच आल्या. मुलगा पत्र्याला टेकून प्रियंकाला खाद्याचं विचारत होता, आणि ती भरभरून सांगत होती.

निघताना मुलाची आई मला म्हणाली, "बाई, एकदा आमच्याकडे येऊन पाहा ना. आमच्या घरी असे आठ बल्ब चालतील का?"

भाऊरावांना कळायला जरा वेळ लागला. प्रियंका मात्र एकदम लाजली.

तर मंडळी, दिवे मोजू नका, वॅट मोजा. मी पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन आले. बोर्ड उघडला, वायर बघितली, अर्थिंग तपासलं, आणि तिथूनच प्रियंकाला फोन लावला, "घर चांगलं आहे पोरी. सोळा बल्ब लाव."