वैशालीताईंनी सर्व्हरला ऐकायला शिकवलं

वैशालीताई गेल्याचं त्यांच्या यजमानांनी, भाऊंनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी माजिवड्याच्या ऑफिसातच होतो... जिथे आम्ही बारा वर्षं शेजारी बसलो. ताई मूळच्या कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर. चाळिशीनंतर प्रोग्रॅमिंग शिकल्या आणि शहाडहून रोज आमच्याकडे येऊ लागल्या. रुग्णवाहिका कुठे आहेत ते दाखवणारा आमचा सर्व्हर मी लिहिलेला. प्रत्येक गाडीच्या कनेक्शनवर लक्ष ठेवायला त्यात एकेक वेगळा थ्रेड, म्हणजे स्वतंत्र चालणारं काम, होता. गाड्या वाढल्या, तसे थ्रेडही वाढले आणि त्या भाराने एका दुपारी सगळा स्क्रीन गोठला. एका पेशंटला गाडी मिळायला उशीर झाला. तो वाचला, पण मी हादरून गेलेलो.

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, गाडीगणिक एक पहारेकरी कशाला? एकच बसव. जी गाडी बोलेल, तिच्याकडेच त्याने वळायचं." नेमकं हेच काम करणारी, तयार कोडची एक लायब्ररी त्यांना इंटरनेटवर सापडली होती. कुठल्या कनेक्शनवर काही आलंय ते ती सर्व्हरला कळवायची. तीन दिवसांत आम्ही सगळं नव्याने लिहिलं. मग चाचणीसाठी खोट्या गाड्या जोडत गेलो. माझा सर्व्हर जिथे कोसळायचा तो आकडा मागे पडला... कनेक्शन वाढतच राहिली, आणि मशीन थंड! ताई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "वाढव अजून," एवढंच म्हणत होत्या. पुढे तोच कोड वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या मशीनवर चढवला, तर एक ओळही न बदलता चालला. मी अक्षरशः नाचलो.

त्या लायब्ररीतली एक चूक ताईंनी दुरुस्त करून पाठवली. ती लायब्ररी सांभाळणाऱ्या, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अनोळखी लोकांनी ती दुरुस्ती स्वीकारली, त्या दिवशी त्यांनी ऑफिसभर पेढे वाटले. निवृत्तीनंतरही त्या घरबसल्या अशाच अनोळखी लोकांच्या शंका सोडवत असत.

गेल्या रविवारी शहाडला गेलो. त्यांच्या खोलीतला छोटा कॉम्प्युटर सुरूच होता. भाऊंनी विचारलं, "बंद करू का रे? काही करतच नाही तो." मी पाहिलं, तर ताईंचा सरावाचा सर्व्हर होता. जोडलेलं कुणीच नव्हतं, मशीनवर भार जवळजवळ शून्य. मी माझ्या लॅपटॉपवरून कनेक्शन जोडलं. क्षणात उत्तर उमटलं, ताईंनी कधीतरी लिहून ठेवलेलं:

"बोल रे, ऐकतेय."

भाऊंनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाले, "राहू दे सुरू."